घर नसलेले विजेते : मुंबई फाइव्ज आणि पुणे मराठाज

वडखळच्या नाक्यावर उभे राहिले, की मुंबईहून आलेल्या रस्त्याला दोन फाटे फुटताना दिसतात. एक उजवीकडे पोयनाडवरून अलिबागला जातो, दुसरा नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असा थेट गोव्याकडे निघतो. या नाक्याने आजवर पुष्कळ काही जाताना पाहिले आहे. गणपतीला निघालेले चाकरमानी, मासळीच्या गाड्या, डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रक, अलिबागच्या सुट्टीला निघालेले मुंबईकर. नाक्याचा स्वभावच असा, की इथे सगळे थांबतात, पण कुणीच इथले नसते. हा लेख ज्या संघांविषयी आहे त्यांचा विचार करताना मला वारंवार हा नाका आठवत राहिला, आणि त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट व्हावे.

२०१६ च्या जुलै महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, या रस्त्याच्या एका टोकाच्या शहराचे नाव धारण करणाऱ्या संघाने दुसऱ्या टोकाजवळ एक अखिल भारतीय अजिंक्यपद मिळवले. शहर मुंबई, गाव म्हापसा, मैदान पेडेचे बंदिस्त क्रीडागृह, संघाचे नाव ‘मुंबई फाइव्ज’. खेळ होता फुटसाल, म्हणजे छपराखाली, कठीण जमिनीवर, पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. २४ जुलै, रविवार. प्रतिस्पर्धी कोचीचा संघ. निर्धारित वेळेत निकाल लागला नाही, पेनल्टीच्या फटक्यांवर मुंबईने बाजी मारली. मुंबईत त्या रात्री कुणी फटाके वाजवल्याचे ऐकिवात नाही. पुढल्याच आठवड्यात, २ ऑगस्टच्या रात्री, याच महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. कोकणाच्या लेखी तो पावसाळा त्या रात्रीचा आहे, आणि तो तसाच लक्षात राहणे योग्यही आहे. पण सावित्रीचा पूल कोसळला नसता, तरी मुंबई फाइव्जचा विजय कुणाच्या लक्षात राहिला असता का? मला वाटते, नसता. का नसता, हा या लेखाचा विषय आहे.

१

आधी खेळाविषयी थोडेसे. फुटसालचा जन्म १९३० च्या सुमारास उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे झाला. त्या वर्षी फुटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा उरुग्वेने आपल्याच भूमीवर जिंकली होती आणि शहरातल्या प्रत्येक पोराला फुटबॉल खेळायचा होता. मैदाने मात्र तेवढी नव्हती. तिथल्या वायएमसीएमधले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी या अडचणीतून वाट काढली. बास्केटबॉलचे अंगण आणि पाच खेळाडूंची संख्या, हँडबॉलच्या मापाचा गोल, वॉटरपोलोच्या गोलरक्षकाचे काही नियम अशी निरनिराळ्या घरची भांडी एकत्र करून त्यांनी नवा संसार थाटला. आज प्रचलित असलेल्या रूपात अंगण साधारण चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असते. चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो, त्यामुळे तो हवेत उडवण्यापेक्षा जमिनीवरून सरकवण्यालाच महत्त्व येते. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. जागा इतकी अपुरी, की विचार करायला क्षणापेक्षा जास्त सवड मिळत नाही. ब्राझीलच्या कितीतरी मोठ्या खेळाडूंचे पाय या अपुऱ्या जागेतच तयार झाले, हे सर्वश्रुत आहे.

इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. आपल्याकडे बास्केटबॉल रुजवण्यात वायएमसीएचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या संस्थेच्या अंगणात फुटसाल जन्मले, तशीच अंगणे भारतातल्या शहरांतही होती. तरीही खेळ इकडे आला नाही. खेळ केवळ सोयीने येत नाहीत, ते कुणीतरी आणावे लागतात, आणि कोणी आणले यावर पुष्कळ काही ठरते.

सेरियानींचा खेळ दक्षिण अमेरिकेत फोफावला तसा त्याच्या मालकीचा वादही उभा राहिला. १९७१ मध्ये ब्राझीलमध्ये या खेळाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८२ पासून ती स्वतःची जागतिक स्पर्धा भरवू लागली. पुढे मोठ्या फुटबॉलची जागतिक संघटना ‘फिफा’ हिने या खेळावर हक्क सांगितला आणि १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये आपली निराळी जागतिक स्पर्धा घेतली. ब्राझीलने तीही जिंकली. ‘फुटबॉल’ हा शब्द कोणी वापरायचा यावर तंटा झाला, तेव्हा जुन्या संघटनेने ‘फुटसाल’ हा जोडशब्द पुढे केला, आणि कालांतराने तो शब्दही फिफाने आपलासा केला. जुन्या संघटनेची वारस असलेली संस्था पॅराग्वेतून आपला संसार चालवत राहिली. एका खेळाचे दोन पीठाधीश, दोन विश्वचषक आणि दोन नियमपुस्तके अशी ही विचित्र अवस्था. सोळाव्या वर्षी म्हापशात जे घडले त्याची मुळे या भाऊबंदकीत आहेत.

२

‘प्रीमियर फुटसाल’ ही स्पर्धा चेन्नईतल्या काही उद्योजकांनी कल्पिली. मुंबई, चेन्नई, कोची, बंगळुरू, कोलकाता आणि गोवा असे सहा संघ. १५ जुलैला चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू बंदिस्त क्रीडागृहात प्रारंभ, तिथून मुक्काम गोव्याला, २४ जुलैला समाप्ती. दहा दिवसांत सगळा मामला आटोपला. पोर्तुगालचा लुईश फिगू स्पर्धेचा अध्यक्ष, विराट कोहली प्रचारक, ए. आर. रहमान यांचे गीत, सोनीच्या वाहिन्यांवर प्रक्षेपण. प्रत्येक संघात एक नामांकित खेळाडू, काही व्यावसायिक परदेशी फुटसालपटू आणि काही भारतीय खेळाडू अशी रचना होती. चेन्नईकडे फुटसालचा सम्राट मानला जाणारा ब्राझीलचा फालकाव, बंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे एर्नान क्रेस्पो, कोचीकडे मिशेल साल्गादो, गोव्याकडे रोनाल्डिन्यो आणि मुंबईकडे रायन गिग्ज.

गिग्जची निवड विचार करायला लावणारी आहे. १९८७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. त्या एकाच क्लबकडून तो ९६३ सामने खेळला, २०१४ मध्ये निवृत्त झाल्यावर तिथेच सहायक प्रशिक्षक झाला, आणि २०१६ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकोणतीस वर्षांचा हा संबंध त्याने संपवला. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने तो मुंबई फाइव्जचा गणवेश घालून चेन्नईच्या अंगणात उतरला. एका गावाशी आयुष्य बांधून घेतल्यामुळे ज्याचे नाव मोठे झाले, ते नाव आता दहा दिवसांच्या संघाच्या कपाळी लावले गेले. यात गिग्जचा दोष नाही, त्याने आपले काम केले. पण निष्ठेतून मिळालेली किंमत निष्ठेशिवाय विकत घेता येते, हा जो व्यवहार या काळातल्या क्रीडासंस्कृतीने शोधून काढला, त्याचा इतका नितळ नमुना दुसरा सापडणे कठीण.

रोनाल्डिन्योचे उदाहरण तर अधिकच बोलके. १७ जुलैला गोव्याने बंगळुरूला ७-२ असे हरवले, त्यातले पाच गोल एकट्या रोनाल्डिन्योचे. त्या संध्याकाळी ज्यांनी तो खेळ पाहिला त्यांना वयाने जड झालेल्या पायांत अजून काय शिल्लक आहे याचा साक्षात्कार झाला असणार. त्यानंतर लगेच तो रिओच्या पॅरालिंपिक स्पर्धेच्या कामासाठी मायदेशी परतला आणि त्याच्या जागी काफू आला. संघाचा नायक स्पर्धेच्या मध्यावर निघून जातो आणि स्पर्धा जराही अडखळत नाही. नाटक कंपनीत मुख्य नट आजारी पडला तर प्रयोग रद्द होत असे, प्रेक्षक पैसे परत मागत. इथे पात्र बदलले आणि पडदा वेळेवर उघडला.

मुंबईच्या बाबतीत मात्र माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मुंबई फाइव्ज या नावाने हा संघ त्या वर्षी मुंबईत एकही सामना खेळला नाही. स्पर्धा चेन्नई आणि गोवा या दोनच ठिकाणी होती. मुंबईचा संघ चेन्नईत जन्मला, म्हापशात अजिंक्य ठरला आणि आपल्या नावाच्या गावाला त्याचे पाय लागले नाहीत. आमच्या नाक्यावरून तो गेलाही नसेल. अशा संघांचा प्रवास विमानाने होतो. पण मी म्हणतो तो मुद्दा रस्त्याचा नाही. गावाचे नाव घेणारा संघ गावाच्या दृष्टीआड जिंकू शकतो, आणि त्यात कुणालाही काही खटकत नाही, हा मुद्दा आहे.

दुसरी अडचण मान्यतेची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या स्पर्धेला मान्यता दिली नाही. तिला आधार होता तो ‘फुटसाल असोसिएशन ऑफ इंडिया’ या निराळ्या संस्थेचा आणि पॅराग्वेतल्या त्या जुन्या परंपरेच्या जागतिक संघटनेचा. माँटेव्हिडिओत सुरू झालेली आणि साओ पाउलोत पेटलेली भाऊबंदकी अशा रीतीने म्हापशापर्यंत पोचली. मान्यता नसण्याचा अर्थ कागदी वाटतो, पण खेळाडूच्या आयुष्यात तो फार ठोस असतो. महासंघाकडे नोंदलेल्या तरुण खेळाडूला अशा स्पर्धेत उतरताना आपल्या पुढच्या वाटचालीचा धोका तोलावा लागतो. इथे केलेल्या गोलांची नोंद अधिकृत कारकिर्दीत होत नाही. पाच गोल करून रोनाल्डिन्यो निघून गेला तरी तो रोनाल्डिन्योच राहतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या भारतीय मुलाचे तसे नाही. त्याच्यासाठी ते दहा दिवस एक तर शिडीची पहिली पायरी होते, नाही तर काहीच नव्हते. शिडी पुढे उभीच राहिली नाही.

३

मुंबई फाइव्जला एक थोरला भाऊ होता, आणि त्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. ‘फुटबॉल’ या शब्दाने अमेरिकेत निराळाच खेळ ओळखला जातो, हे वाचकांना ठाऊक आहे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे, खांद्यांवर गाद्या. या खेळाची भारतातली व्यावसायिक स्पर्धा २०११ मध्ये जाहीर झाली, तिचे नाव ‘एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’. तिच्या पाठीराख्यांत नट मार्क वॉलबर्ग होता, शिकागोचा जुना प्रशिक्षक माइक डिटका होता आणि कर्ट वॉर्नरही होता.

या वॉर्नरपाशी क्षणभर थांबायला हवे, कारण बंदिस्त फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट त्याचीच आहे. १९८१ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छपराखालच्या सॉकरचा एक प्रदर्शनीय सामना पाहताना जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थाच्या मनात आले, की अमेरिकन फुटबॉलही असा घरात का खेळू नये? हातातल्या लिफाफ्यावर त्याने मैदानाचा आराखडा काढला. पन्नास यार्डांचे मैदान, आठ-आठ खेळाडू, दोन्ही टोकांना जाळ्या. १९८७ मध्ये चार संघांनिशी ‘अरीना फुटबॉल लीग’ सुरू झाली. मोठ्या स्पर्धेने नाकारलेल्यांचे ते घर होते. आयोवा राज्यातल्या एका वाणसामानाच्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर डबे मांडणारा वॉर्नर १९९५ मध्ये ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’ या अशाच एका संघात आला, तीन हंगाम छपराखाली खेळला, आणि २००० च्या जानेवारीत सेंट लुइसच्या संघातून सुपर बोल जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अरीना लीग २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुन्हा उभी राहिली, २०१९ मध्ये पुन्हा बुडाली. या स्पर्धेत आणि तिच्या धाकट्या भावंडांत किती संघ जन्मले आणि मेले याची मोजदाद करणे अवघड आहे. पण एका माणसाला तरी ती दुकानाच्या रात्रपाळीतून बाहेर काढू शकली, हे तिचे सार्थक.

वॉर्नरने भारतातल्या स्पर्धेला नाव दिले ते याच आशेने असावे, असे मानायला जागा आहे. २०१२ मध्ये आठ संघांनिशी पहिला हंगाम झाला. भारतातले सहा, श्रीलंकेतले दोन. मुंबईचे ‘ग्लॅडिएटर्स’ आणि पुण्याचे ‘मराठाज’ हे आपल्याकडचे. खेळाडू रग्बीतून, मैदानी खेळांतून, कबड्डीतून गोळा केलेले. बहुतेकांनी हा चेंडू यापूर्वी हातात धरलेला नव्हता. अंतिम सामन्यात दिल्लीच्या संघाला हरवून पुणे मराठाज विजेते झाले. कुठे? कोलंबोला. सामने श्रीलंकेत चित्रित करून घेतले गेले आणि नंतर दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. पुण्याच्या विजयाची वार्ता पुण्यात पोचली ती अशी, पडद्यावरून, उशिरा. स्पर्धेचा पसारा ज्या डौलाने जाहीर झाला होता त्या डौलाने तो पुढे चालला नाही, आणि पुणे मराठाज हे नाव विस्मृतीत गेले.

‘मराठा’ या नावाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. २००५ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये संपलेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये ‘मराठा वॉरियर्स’ होते. २०१२ मध्ये कोलंबोला पुणे मराठाज. २०१७ पासून संयुक्त अरब अमिरातीत दहा-दहा षटकांचे क्रिकेट खेळणारे ‘मराठा अरेबियन्स’, ज्यांनी २०१९ ची स्पर्धा जिंकली. तिन्ही ठिकाणी एक इतिहाससिद्ध नाव गणवेशावर शिवले गेले, कारण त्या नावाला लढाऊपणाचा वास आहे. पण ज्या समाजाचे, ज्या मुलखाचे ते नाव, त्याचा संघाच्या बऱ्यावाईटाशी काय संबंध होता? नाव उसने घेतले की व्याज द्यावे लागते, निदान एवढे तरी की त्या मुलखातल्या चार पोरांना खेळायला जागा मिळावी. ते व्याज कुणी दिले नाही आणि आपणही मागितले नाही.

४

या ठिकाणी वाचक म्हणेल, की जुन्या काळाचे गोडवे गाणे सोपे असते. मुंबईतले फुटबॉलचे संघ तरी कुठे गावाचे होते? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे.

मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. प्रारंभीची कित्येक दशके ती गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे कंपन्यांच्या संघांचा काळ आला. १९५८ मध्ये कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाने रोव्हर्स जिंकला. टाटा, महिंद्र, रेल्वे असे संघ कूपरेजच्या चिखलात पावसाळ्यातून खेळत. यांतला कुठलाही संघ मोहल्ल्याने निवडून दिलेला नव्हता. मालकांनी तो उभा केला आणि मालकांच्या मनात आले तेव्हा मोडला. महिंद्र युनायटेड हा एकेकाळचा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला, तो कंपनीच्या निर्णयानेच. रोव्हर्स चषकही २००१ नंतर भरला नाही.

पण फरक आहे, आणि तो भावनेचा नसून व्यवहाराचा आहे. कंपनीचा संघ खेळाडूला नोकरी देत असे. गुडघा मोडला तरी हजेरीपटावर नाव राहत असे, निवृत्तीनंतर पेन्शन असे, आणि रविवारी कूपरेजवर सामना पाहायला येणाऱ्या कारकुनाला सोमवारी तोच खेळाडू शेजारच्या टेबलापाशी दिसत असे. संघ मालकाचा असला तरी खेळाडू गावातला होई. मुंबई फाइव्जचा खेळाडू दहा दिवसांच्या कराराने येई आणि अकराव्या दिवशी तो कुठे असेल हे ठरवण्याची जबाबदारी कुणाचीच नसे.

आमच्या रायगड जिल्ह्यात खेळ म्हटला की कबड्डी. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात गावागावांत मंडळे आहेत. भात कापून झाले, की खळ्याची जागा साफ होते, बांबू रोवून दिवे लागतात आणि रात्रभर सामने चालतात. हे संघही अमर नसतात. एखाद्या निवडीवरून तंटा होतो, मंडळ फुटते, एका गावात दोन संघ होतात, पुढे दोन्ही बंद पडतात. आयुष्य मोजले तर यांतले कित्येक संघ मुंबई फाइव्जपेक्षा फार जास्त जगले असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या मोडण्याला साक्षीदार असतात. कोणामुळे मोडले याची चर्चा पारावर वर्षानुवर्षे चालते, आणि त्याच भांडणातून पुढचा संघ जन्मतो. मुंबई फाइव्जच्या मोडण्यावर भांडायला कुणी नव्हते. घर नसेल तर घरभांडणही नसते.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिने मातीतला हा खेळ गालिच्यावर आणि दिव्यांच्या झगमगाटात नेला. तेही दूरचित्रवाणीचेच अपत्य. तिथेही फ्रँचायझ्या, तिथेही लिलाव. पण ती टिकली. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे मुख्य कारण हे, की पडद्यावरच्या चढाईमागे हजारो खळी उभी होती. ‘यू मुम्बा’चा खेळाडू कसा पकडला गेला हे पेणच्या मुलाला समजावून सांगावे लागत नव्हते. आणि मुंबईचा तो संघ पहिल्याच वर्षी वरळीच्या डोममध्ये मुंबईकरांपुढे खेळला होता. २०१५ मध्ये महाराष्ट्रापुरती ‘महा कबड्डी लीग’ निघाली, तीत ‘रायगड डायमंड्स’ नावाचा आमच्या जिल्ह्याचा संघही होता. ती स्पर्धा अल्पायुषी ठरली, पण कबड्डी त्यामुळे रायगडात उणी झाली नाही. स्पर्धा गेली तरी मागे खेळ उरतो, अशी ही परिस्थिती. फुटसालच्या बाबतीत स्पर्धा गेली आणि मागे काहीच उरले नाही, कारण मुळात पाया घालण्याआधी कळस चढवला होता.

५

आता उरलेली हकीकत. २०१७ च्या सप्टेंबरात प्रीमियर फुटसालचा दुसरा हंगाम झाला. संघांची नावे बदलली. गोवा आणि कोलकाता वगळले गेले, दिल्ली आणि तेलुगू मुलखाचे संघ आले. ‘फाइव्ज’ जाऊन ‘वॉरियर्स’ आले. आणि या वेळी सामने वरळीच्या नॅशनल स्पोर्ट्स क्लबच्या डोममध्ये सुरू झाले. म्हणजे मुंबईचा संघ अखेर मुंबईत खेळला, पण तोवर ज्या नावाने तो अजिंक्य ठरला होता ते नाव त्याच्याकडे राहिले नव्हते. तिसरा हंगाम झालाच नाही. २०२० मध्ये त्याच डोममध्ये कोरोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या.

खेळ मात्र दुसऱ्या दाराने आला. ज्या महासंघाने प्रीमियर फुटसालला मान्यता नाकारली होती, त्याने २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत आपली पहिली फुटसाल क्लब स्पर्धा भरवली. ना गिग्ज, ना रहमान, प्रेक्षकही थोडेच. दिल्ली एफसी विजेते झाले. २०२३ मध्ये भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मैदानात उतरला. कोणताही गाजावाजा न होता शिडीची पहिली पायरी रोवली गेली. सोळा साली म्हापशात खेळलेल्या मुलांना ती सात वर्षे उशिरा मिळाली, इतकेच.

या साऱ्यातून प्रीमियर फुटसालचे आयोजक लबाड होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. आपल्या देशाला, विशेषतः कोकणासारख्या प्रदेशाला, छपराखालच्या खेळाची खरी गरज आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे मैदान नावाची वस्तू नसते. असतो तो चिखल, आणि जिथे चिखल नाही तिथे भात. चार महिने शाळकरी मुले ओसरीवर अडकून बसतात. माँटेव्हिडिओच्या सेरियानींपुढे जो प्रश्न होता, जागा थोडी आणि पोरे फार, तोच प्रश्न वडखळमध्ये दर पावसाळ्यात असतो. त्याचे उत्तर चाळीस बाय वीस मीटरची फरशी आणि वर पत्रा, एवढेच आहे. जुलै महिन्यात बंदिस्त फुटबॉल खेळवणे यात म्हणूनच शहाणपण होते. चूक एवढीच, की उत्तराचा प्रयोग प्रश्न असलेल्या माणसांपुढे झाला नाही. तो कॅमेऱ्यापुढे झाला.

मग अशा संघांचा इतिहास लिहायचा तरी का? माझ्यापुरते उत्तर असे. विजेत्यांच्या यादीत मुंबईचे नाव आहे, पुण्याचेही आहे. उद्या कुणी ती यादी उघडली तर त्याला वाटेल, की या शहरांनी काही काळ हा खेळ जोपासला होता, तिथे लोक जमले होते, कुणीतरी कुणासाठी ओरडले होते. तसे झाले नाही, हे कुठेतरी लिहिलेले असावे. आणि त्या यादीआड ज्यांची नावे दडली, त्या भारतीय खेळाडूंनी मात्र खेळ खराच केला होता. दहा दिवस का होईना, त्यांनी फालकावचा चेंडू अडवण्याचा प्रयत्न केला, रोनाल्डिन्योच्या शेजारी उभे राहून पास मागितला. त्यांचा घाम चित्रित असला तरी खोटा नव्हता. ते कोणत्या गावाचे होते हे मुंबईला कधी कळले नाही. त्यांतला एखादा पुढे गणपतीला गावी जाताना वडखळच्या कोंडीत तासभर अडकलाही असेल, आणि शेजारच्या गाडीतल्या कुणालाही ठाऊक नसेल, की हा मुंबईचा विजेता आहे.